हवेचा किल्ला : विकत की भाड्याने?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवण नुकतेच झाले आहे. मसालेभात आणि जिलेबी पोटात असताना कोणी हिशोबावर बोलू लागले की काय होते, ते मला समोर दिसू लागले आहेच. तरी वीस मिनिटे जागे राहा. कारण माझे बोलणे संपल्यावर तुम्हाला हात वर करायचा आहे, आणि तो कशासाठी वर केला हे घरी गेल्यावर आठवायला हवे.

विषयपत्रिकेवरचा चौथा विषय असा आहे : ‘प्राथमिक विभागाच्या मुलांसाठी हवेचा किल्ला खरेदी करणे.’ यावर मी बोलावे असे समितीने ठरवले, कारण मी मंडपवाली. मी १९८९ च्या दहावीच्या तुकडीची. लग्न गावातच झाले आणि सासऱ्यांच्या मंडप-बिछायतीच्या धंद्याच्या वह्या माझ्याकडे आल्या. आधी वह्या आल्या, मग किल्ल्या आल्या, मग गोदाम आले. आज तीस वर्षे मी सतरंज्या, कनाती, खुर्च्या, पातेली, पाइप, ताडपत्र्या भाड्याने देते आहे. त्यामुळे ‘घ्यावे की भाड्याने आणावे’ हा प्रश्न मी रोज ऐकते. फरक इतकाच की रोज तो समोरचा माणूस मला विचारतो, आज तुम्ही सगळ्यांनी मिळून विचारला आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. भाड्याने द्यायचा धंदा करणारी बाई ‘भाड्यानेच आणा’ म्हणणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यात त्याची चूक नाही. आमच्याकडे हवेचा किल्ला नाही. कोणी वाढदिवसाला, बारशाला मागितला तर आम्ही तो जिल्ह्याच्या गावाहून दुसऱ्याकडून आणतो. शाळेसाठी आणायची वेळ आली तर भाडे थेट त्या मालकाच्या खात्यावर जाईल. माझा त्यात एक रुपया नसेल. हे इतिवृत्तात लिहून घ्यावे.

आता ही वस्तू काय आहे ते पाहू. पत्रकात ‘बाउन्सी कॅसल’ छापले आहे. मुले त्याला ‘जंपिंग’ म्हणतात. जत्रेत त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात, कारण दर्शनी बाजूला बहुधा मिकीचे तोंड रंगवलेले असते, कधी कधी ते मिकीला स्वतःला ओळखू येणार नाही असे. आम्ही शाळेत असताना मराठीच्या बाई सांगायच्या, हवेत इमले बांधू नका. आज आपण विषयपत्रिकेवर हवेचाच इमला घेतला आहे.

ही वस्तू अमेरिकेतली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लुईझियाना राज्यात जॉन स्करलॉक नावाचे एक इंजिनिअर टेनिसच्या मैदानावर टाकायचे हवा भरलेले आच्छादन तयार करत होते. त्यांच्या कामगारांना त्यावर उड्या मारायला मजा येते हे त्यांनी पाहिले, आणि त्यातून हे खेळणे जन्माला आले, असे सांगतात. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यावरून कळते की हा किल्ला मुळात आमच्याच धंद्यातला. तो हवेचा मंडपच आहे. आणि मंडपाला जे नियम लागतात तेच त्याला लागतात : जमीन, खुंट्या, दोर, वारा आणि शेजारी उभा असलेला माणूस. हे पाच शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

आता पैशांचा विषय, आणि तो जपून बोलायचा आहे. आमच्या तुकडीतला एक मित्र दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या पत्नीने आपल्या माजी विद्यार्थी संघाकडे एक लाख रुपये दिले. सोबत चिठ्ठीत एकच ओळ होती : ‘प्राथमिकच्या मुलांच्या खेळासाठी.’ नाव कुठेही घालू नये असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून मीही इथे घेत नाही. माझ्या वर्गातल्यांना ते सांगायची गरज नाही. यात्रेत पाळण्याच्या तिकिटाला पैसे नसायचे म्हणून हा मुलगा पाळणेवाल्याला दिवसभर पाणी भरून द्यायचा आणि संध्याकाळी त्या बदल्यात चार फेऱ्या घ्यायचा. चारपैकी दोन फेऱ्यांत तो आमच्यापैकी कोणाला तरी बसवायचा. त्याच्या नावाने आलेल्या पैशांतून मुलांना उड्या मारायला मिळाव्यात ही कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याचे मन योग्य जागी आहे. माझा विरोध त्या कल्पनेला नाही. खरेदीच्या पावतीवर सही करण्याआधी थोडे थांबा, इतकेच माझे म्हणणे आहे.

कारण गरज खरी आहे. आपल्या यात्रेत आता पाच-सात मिनिटांच्या उड्यांना तीस ते पन्नास रुपये घेतात. दोन पोरे असली की आईच्या हातातली नोट तिथेच मोडते. ऊसतोडीला आलेल्यांची मुले, वीटभट्टीवरची मुले हंगामात आपल्या शाळेत बसतात. ती जाळीला नाक लावून उभी राहतात. शाळेच्या मैदानावर, शाळेच्या वेळात, एकही पैसा न देता प्रत्येक मुलाला दहा मिनिटे उड्या मिळाव्यात, हे अगदी योग्य मागणे आहे. आता ते कसे मिळेल ते बघू.

गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून पायऱ्या गाळत नाही. पहिली ते चौथी, दोन-दोन तुकड्या, अंदाजे तीस-तीस मुले, म्हणजे २४० मुले. पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद किल्ल्यात लहान मुले एका वेळी आठ सोडावीत. मालक बारा म्हणेल, जत्रेत वीस सोडतात, आपण आठच सोडायची. म्हणजे तीस फेऱ्या. प्रत्येक फेरीला दहा मिनिटे उड्या आणि दोन मिनिटे चप्पल काढणे, चष्मा-पिना काढणे, रडणाऱ्याला बाहेर काढणे. बारा मिनिटांची फेरी, तासाला पाच. उन्हे चढली की ते कापड तापते, उघड्या पायाला चटका बसतो, म्हणून सकाळी आठ ते साडेअकरा इतकेच. साडेतीन तासांत सतरा फेऱ्या, म्हणजे १३६ मुले. दोन सकाळी मिळून २७२. आपली २४० मुले त्यात बसतात, आणि रडून बाहेर आलेल्यांना दुसरी संधीही मिळते.

म्हणजे आपल्या शाळेची वर्षाची गरज किती? दोन दिवस. हा आकडा आधी काढायचा असतो. लोक आधी वस्तूची किंमत विचारतात आणि मग ती कशाला लागेल ते शोधत बसतात.

आता किंमत. खजिनदारांनी दोन ठिकाणांहून भाव मागवले. त्यातला बरा भाव पंपासकट ९५,००० रुपये आहे. चांगल्या जाड पीव्हीसीचा किल्ला, अधूनमधून वापर, नीट ठेवला तर पाच वर्षे धरू. वर्षाला १९,००० झाले. शिवण उसवणे, ठिगळ, पंपाची दुरुस्ती यांचे वर्षाला ३,००० धरू. म्हणजे किल्ला घडी घालून नुसता पडून राहिला तरी वर्षाला २२,००० खातो. शिवाय ज्या दिवशी तो बाहेर काढाल त्या दिवशी टेम्पो ८०० आणि दोन माणसांचे ५००-५००, असे १,८००. दोन दिवसांचे ३,६००. एकूण वर्षाला २५,६०० रुपये.

भाड्याने? टेम्पो, दोन माणसे, पंप, दोर, खुंट्या यांसकट दिवसाला ५,५००. दोन दिवसांचे ११,०००.

इथपर्यंत सोपे आहे. पण ठराव मांडणाऱ्यांनी याच्या पुढचा विचार केला आहे, तो मी लपवणार नाही. ते म्हणतात, किल्ला आपल्यापुरता कशाला, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या सहा जिल्हा परिषद शाळांनाही एकेक दिवस देऊ. मग आठ दिवस झाले. विकत घेतला तर २२,००० अधिक आठ वेळा १,८००, म्हणजे ३६,४००. भाड्याने आणला तर आठ वेळा ५,५००, म्हणजे ४४,०००. इथे विकत घेणे ७,६०० रुपयांनी स्वस्त पडते. मी बरोबरीचा दिवसही काढला आहे : वर्षाला सहा दिवस. सहाच्या खाली वापर असेल तर भाड्याने आणावे, सहाच्या वर गेला तर विकत घ्यावे. कागदावर त्यांचे म्हणणे खरे आहे.

पण कागदावरच्या हिशोबात एक ओळ कमी आहे. त्यात माणूस नाही.

मंडपाच्या धंद्यात सासऱ्यांनी मला पहिली गोष्ट ही शिकवली : वस्तू घेतलीस की तिचा माणूस नेम. सतरंज्यांचा माणूस वेगळा, भांड्यांचा वेगळा. ज्या वस्तूचा माणूस ठरलेला नाही, ती सगळ्यांची होते, आणि सगळ्यांची वस्तू पहिल्या पावसाळ्यात कुजते. आपल्या शाळेतच बघा. आमच्या आधीच्या एका तुकडीने संगीताच्या खोलीला पेटी दिली होती. ज्या बाई ती वाजवायच्या त्या निवृत्त झाल्या आणि तीन वर्षांत भात्यात उंदरांनी घर केले. उलट शाळेची घंटा बघा. ती नुसता लोखंडी रुळाचा तुकडा. पण शिपाईमामांनी ती आपली मानली. पावसाळ्यात तिच्या साखळीला तेल लावायचे, टोलाचा हातोडा उशाशी ठेवायचे. आज मामा नाहीत, घंटा आहे, कारण मामांनी जाताना ती कोणाच्या हातात द्यायची हे ठरवले होते.

हवेच्या किल्ल्याला तर माणूस जास्तच लागतो. पहिली गोष्ट, तो फुग्यासारखा एकदा फुगवून तोंड बांधून ठेवायचा नसतो. त्याच्या शिवणींतून हवा सतत बाहेर जात असते आणि पंप ती सतत आत ढकलत असतो. वीज गेली की एक-दोन मिनिटांत भिंती आत झुकतात, आणि आतल्या मुलांना तोवर बाहेर काढावे लागते. आपल्या गावच्या विजेविषयी मी वेगळे बोलत नाही. दुसरी गोष्ट, तो ओला घडी घालता येत नाही. दंव पडले, मुलांनी पाणी सांडले, तर सुकवून, पुसून मगच गुंडाळायचा. नाही तर आठ दिवसांत बुरशी आणि महिन्याभरात असा वास, की मुले आत जाणार नाहीत. तिसरी गोष्ट, तो ठेवायचा कुठे? प्रयोगशाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत, असे ठरावात लिहिले आहे. ती खोली मी कालच पाहून आले. तिथे आमच्या वेळचे उंदीर नसतील, पण त्यांचे नातू आहेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला कोणी तरी तो किल्ला उलगडून वारा द्यायला हवा. शंभर किलोंच्या आसपासचे ते धूड उचलायला चार माणसे लागतात. ठरावात त्या चार जणांची नावे नाहीत.

आता वाऱ्याकडे येते. इथे मात्र मी हसत बोलणार नाही.

१६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, डेव्हनपोर्ट या गावी, एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर वर्षअखेरचा आनंदमेळा चालू होता. पाचवी-सहावीची मुले हवेच्या किल्ल्यात खेळत होती. अचानक वारा आला, किल्ला जमिनीवरून उचलला गेला आणि सहा मुले गेली. पुढे न्यायालयात निघाले की ती वावटळ होती. किल्ल्याला आठ जागी बांधायची सोय असताना तो चारच जागी ठोकला होता, हेही तिथे पुढे आले. २०२५ मध्ये न्यायालयाने चालकाला निर्दोष ठरवले. इतक्या जोराची वावटळ कोणालाही आधी कळली नसती, असे कारण दिले. त्याआधी, मार्च २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या एका बागेत असाच किल्ला वाऱ्याने सुटला आणि सात वर्षांची मुलगी गेली. तिथे २०१८ मध्ये दोन्ही चालकांना तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. एका ठिकाणी सुटका, एका ठिकाणी शिक्षा. आईबापांच्या घरात मात्र दोन्हीकडे सारखाच अंधार.

हे मी घाबरवायला सांगत नाही. वावटळ काय असते हे आपल्याला ऑस्ट्रेलियाकडून शिकायला नको. चैत्र-वैशाखात दुपारी आपल्या मैदानावर धुळीचा खांब उभा राहून फिरत जाताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे, आणि त्यात कागद टाकायला धावलोही आहोत. मंडपवाल्याला त्यातले गणित माहीत असते : वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पंधरा फूट रुंद आणि बारा फूट उंच भिंतीवर ताशी ३८ किलोमीटरचा वारा शंभर किलोंहून जास्त जोर लावतो. तोच ७६ झाला तर साडेचारशे किलोंच्या वर. किल्ल्याचे स्वतःचे वजन शंभराच्या आसपास आणि आत आठ चिमुरडी. बाकी सगळा भार खुंट्यांवर.

म्हणूनच युरोपातल्या ईएन १४९६० या मानकाप्रमाणे ताशी ३८ किलोमीटर ही वाऱ्याची वरची मर्यादा आहे. त्यापुढे किल्ला वापरायचा नाही. यंत्र नसले तर खूण अशी, की पानांनी भरलेली लहान झाडे हलायला लागली की मुले बाहेर आणि पंप बंद. निदान सहा जागी बांधायचे, आणि जितकी कडी असतील तितकी सगळी वापरायची. जमीन फरशीची किंवा कातळाची असेल, खुंटी बसत नसेल, तर ब्रिटनच्या सुरक्षा खात्याच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक कडीला निदान १६३ किलो वजन लागते. वाळूची दोन पोती टाकून भागत नाही.

आपल्या मैदानाचेही सांगते, कारण मी तिथे तीस वर्षे खुंट्या ठोकते आहे. ध्वजस्तंभाच्या बाजूला वीतभर मुरमाखाली कातळ आहे. तिथे खुंटी वाजते, बसत नाही. चिंचेच्या बाजूला काळी माती आहे. ती डिसेंबरात ओल असताना खुंटी घट्ट धरते, एप्रिलमध्ये भेगा पडल्या की तीच खुंटी पोर हाताने उपटते. म्हणजे किल्ला उभारायचा तर डिसेंबरात, सकाळी, चिंचेच्या बाजूला. आता विचार करा, हा किल्ला सहा वेगळ्या शाळांच्या सहा वेगळ्या अंगणांत जाणार. कुठे फरशी, कुठे डोंगराचा उतार, कुठे वरून विजेची तार. प्रत्येक ठिकाणी जमीन कोण बघणार? दोन शिक्षकांच्या शाळेत गुरुजींनी शिकवायचे, खिचडीचा हिशोब लिहायचा, की किल्ल्याच्या दोऱ्या धरायच्या?

कोणी म्हणेल, मग भाड्याने आणला तर वारा कमी होतो का? होत नाही. हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घ्या. भाड्याने किल्ला आणला की त्याची साठवण, सुकवण, शिवण मालकाकडे जाते. मुले मात्र आपलीच राहतात. शिवाय मालकाची माणसे जत्रेची सवय घेऊन येतात : जास्त मुले, कमी खुंट्या. म्हणून भाड्याने आणायचा तर अटी आपल्या हव्यात. इसार देण्याआधी किल्ला उलगडून बघायचा. शिवणी, कडी, जाळी हाताने ओढून बघायच्या. पंपाची वायर जोडकाम केलेली नको. सगळ्या कड्यांना खुंट्या, आणि त्या आपल्या माणसाच्या देखत ठोकायच्या. पहिली-दुसरी वेगळी, तिसरी-चौथी वेगळी. थोरल्याच्या गुडघ्याने धाकट्याचा दात पडतो तो असाच. दाराशी एक मोठे माणूस, पंपाशी एक, आणि वाऱ्याकडे बघायला एक. यातले कोणीही मोबाइलवर बोलायचे नाही. ‘वारा’ म्हटले की मुले बाहेर, वाद नाही, अगदी मुख्याध्यापकांचा नातू आत असला तरी.

आता मी माझी सूचना मांडते.

किल्ला सहा शाळांत नेण्याऐवजी सहा शाळांची मुले आपल्या मैदानावर आणू. त्या शाळांची मिळून १३० च्या आसपास मुले होतात. आपल्या हिशोबाने ती एका सकाळीत बसतात. म्हणजे आपले दोन दिवस आणि त्यांचा एक, असे तीन दिवस. तीन वेळा ५,५००, म्हणजे १६,५००. मुलांना आणण्या-नेण्यासाठी १९९४ च्या तुकडीतल्या दोघांनी आपल्या बस द्यायचे कबूल केले आहे. डिझेलचे २,०००. एकूण १८,५०० रुपये. विकत घेऊन आठ ठिकाणी फिरवायला ३६,४०० लागत होते, हे निम्म्याच्या आसपास झाले. आणि मैदान एकच, ओळखीचे, तपासलेले.

यात मला आणखी एक लाभ दिसतो. वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेतली मुले मोठ्या शाळेच्या फाटकातून पाचवीत पहिल्यांदा येतात तेव्हा किती बावरतात, ते मी स्वतः अनुभवले आहे. मी अशाच वस्तीवरून आले. ती मुले दुसरीत असतानाच इथे येऊन मनसोक्त उड्या मारून गेली, तर पुढे हे फाटक त्यांना परके वाटणार नाही.

मग एक लाखाचे काय? ते तसेच बँकेत मुदत ठेवीत ठेवू. साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला ६,५०० येतात. एक पूर्ण दिवस त्यातून निघतो आणि वर १,००० उरतात. राहिले १२,०००. दर वर्षी आपल्या कोणत्या तरी तुकडीला दहावी होऊन पंचवीस वर्षे होतात. मेळाव्याला साठ जण आले आणि प्रत्येकाने २०० रुपये दिले, की बारा हजार पुरे होतात. आजच्या जेवणाच्या ताटापेक्षा ते कमी आहेत. पुढे भाडे वाढेल, व्याज कमी होईल, तेव्हा दोनशेचे तीनशे होतील. किल्ला विकत घेतला तर पाच वर्षांनी लाखाची फाटकी ताडपत्री होईल आणि सहाव्या वर्षी दुसऱ्या लाखासाठी पुन्हा तुमच्यासमोर कोणाला तरी उभे राहावे लागेल. ठेव ठेवली तर आज पहिलीत असलेल्या मुलांची मुलेही त्यावर उड्या मारतील.

काही जण म्हणतात, भाड्याचे पैसे वाया जातात, शेवटी हाती काही राहत नाही. हे वाक्य मी तीस वर्षे ऐकते आहे, लग्नाचा मंडप उतरवताना हमखास. त्यांना मी विचारते, मंडप हाती राहिला असता तर काय केले असते? लग्न झाले ना नीट? तेच हाती राहिले. २४० मुलांच्या दहा-दहा मिनिटांना जमाखर्चात जागा नाही म्हणून ती वाया गेली असे होत नाही.

काहींची इच्छा होती की किल्ल्यावर आपल्या मित्राचे नाव रंगवावे. मी त्याच्या पत्नीला हे विचारायला गेले होते. त्या म्हणाल्या, ‘ताई, उड्या मारणारं पोर नाव वाचतं का? त्याला उड्या मारू द्या.’ यापुढे मी काही बोलले नाही, आणि आपणही बोलू नये असे मला वाटते.

विकत कधीच घेऊ नये असे मी म्हणत नाही. ज्या दिवशी वापर वर्षाला सहा दिवसांच्या वर जाईल, कोरडी आणि उंदीर नसलेली खोली मिळेल, आणि किल्ल्याचा माणूस म्हणून दोन जण या व्यासपीठावर येऊन आपले नाव सांगतील, त्या दिवशी खरेदीच्या ठरावाला पहिला हात माझा असेल. या तीन अटींपैकी आज एकही पूर्ण झालेली नाही.

एक वस्तू मात्र आजच विकत घ्यावी, आणि ती मी माझ्याकडून देते. वाऱ्याचा वेग मोजायचे हातात धरायचे छोटे यंत्र मिळते, दोन हजारांच्या आत. ते विज्ञानाच्या कपाटात राहील, सातवी-आठवीची मुले त्याने रोज वाऱ्याची नोंद करतील, आणि डिसेंबरात त्याच मुलांपैकी एक जण किल्ल्याशेजारी यंत्र घेऊन उभे राहील. आकडा तीसवर गेला की तोंडाने शिट्टी. अडतीसची वाट बघायची नाही.

तर माझा बदललेला ठराव असा : ‘देणगीची रक्कम मुदत ठेवीत ठेवावी. दर वर्षी डिसेंबर महिन्यात तीन सकाळी हवेचा किल्ला भाड्याने आणावा. त्यात आपल्या प्राथमिक विभागातील आणि परिसरातील सहा शाळांतील प्रत्येक मुलास विनामूल्य खेळता यावे. प्रत्येक दिवशी संघाचे तीन सभासद पूर्ण वेळ उपस्थित राहावेत.’

या ठरावातले शेवटचे वाक्य सगळ्यांत महाग आहे. पैसे तुम्ही द्याल, याची मला खात्री आहे. मला सकाळी साडेसात ते बारा मैदानावर उभी राहणारी नऊ माणसे हवी आहेत. चहाच्या टेबलाशी वही ठेवली आहे. पहिल्या ओळीत माझे नाव लिहून आले आहे, आठ ओळी मोकळ्या आहेत. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी रजा आतापासून मागावी. गुडघे दुखणाऱ्यांना पंपाजवळची खुर्ची मिळेल, तिचे भाडे मी घेणार नाही.

आता हात वर करा, आणि मग तोच हात वहीकडे न्या.